हजार रुपयांच्या पेन्शनसाठी दाद मागायची कुठे?

प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून सहकाराची वाट रुंद झाली, त्या अहिल्यानगर जिल्ह्यात कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार गावोगाव आहेत. त्यांची पेन्शन 'ईपीएस-95' या केंद्रीय योजनेतून येते. 2014 मध्ये किमान पेन्शन 1000 रुपये ठरली. महागाई भत्ता नाही, म्हणून रक्कम जागची हलत नाही. महिन्याची औषधंही त्यात भागत नाहीत, आणि हा अन्यायच आहे.

दाद मागताना पहिली गोष्ट लक्षात ठेवावी: विषय केंद्राचा आहे. आमदारांना निवेदन जरूर द्यावं, पण कायद्याची किल्ली खासदारांकडे. जिल्ह्यात लोकसभेचे दोन मतदारसंघ आहेत, अहमदनगर आणि शिर्डी. खासदार सभागृहात प्रश्न विचारू शकतात, नागरिकांची याचिकाही मांडू शकतात. अशाच एका याचिकेवर भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने 2013 मध्ये किमान 3000 रुपयांची शिफारस केली होती.

आता पेन्शनरांच्या संघटनांची मागणी 7500 रुपये आणि महागाई भत्त्याची आहे. निवेदनात नुसती व्यथा नको. नोकरीची वर्षं, शेवटचा पगार आणि आज हाती पडणारी पेन्शन लिहावी, पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स जोडावी आणि आपल्या प्रतीवर पोहोच घ्यावी.