गारपीट आणि हिंगण्याची छपरे

गारपिटीचे नाव निघाले की आडवा झालेला गहू, घाटे झडलेला हरभरा आणि संत्र्याचा गळून पडलेला आंबिया बहार आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि ते यथार्थच आहे, कारण विदर्भातल्या शेतकऱ्याचे अवघे वर्ष अर्ध्या घटकेत बुडविण्याचे सामर्थ्य त्या आघातात असते. परंतु ज्या छपराखाली तो शेतकरी त्या रात्री निजतो, त्या छपराचे काय झाले, याची विचारपूस मात्र फारशी होत नाही. नागपूरच्या नैर्ऋत्येस असलेल्या हिंगणा तालुक्यात छपरांचे बहुतेक सारे प्रकार नांदतात: जुन्या गावठाणातील कवेलूंची घरे, टिनाच्या आणि सिमेंटच्या पत्र्यांच्या खोल्या, औद्योगिक वसाहतीतील लांबच लांब शेड, आणि अलीकडे स्लॅबवर मांडलेली सौर पॅनेले. गार सर्वांवर सारखीच पडते. नुकसान मात्र प्रत्येकाचे निराळे.

आपल्याकडे गारांचा काळ मुख्यत्वे फेब्रुवारी ते एप्रिल हा होय. तापलेली भूमी, समुद्राकडून आलेले बाष्प आणि उंचावर उत्तरेकडून उतरलेली थंड, कोरडी हवा यांचा संयोग झाला की दुपारनंतर प्रचंड उंचीचे मेघ उभे राहतात. त्यांतील ऊर्ध्वगामी प्रवाह शून्याखाली तापमान जाऊनही न गोठलेले जलबिंदू वर वाहून नेतात, हिमकणावर त्यांचा थरावर थर चढतो, आणि तो भार प्रवाहाला पेलेनासा झाला की गार खाली येते. वर्षाकाळात हिमांकाची पातळी पुष्कळ उंच असल्यामुळे वाटेतच गारेचे पाणी होते. वसंतात तिला तेवढा अवसर मिळत नाही. 2014 साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर जी गारपीट झाली, तिने विदर्भ-मराठवाड्याला हा धडा फार कठोरपणे दिला. गार याहूनही भयंकर होऊ शकते: 1888 च्या एप्रिलमध्ये मुरादाबादेस गारांनी 246 माणसे दगावली, आणि 1986 साली बांगलादेशातील गोपालगंज येथे एक किलोहून अधिक वजनाची गार पडल्याची नोंद आहे.

गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते, शिवाय पडण्याचा वेगही वाढतो. त्यामुळे तिच्या आघाताची शक्ती सुमारे सोळापट होते. बोराएवढी गार ज्या पत्र्यावरून उडून जाते, तोच पत्रा लिंबाएवढी गार फोडते, त्याचे कारण हे. सौर पॅनेलाच्या प्रमाणित चाचणीत 25 मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला 23 मीटर वेगाने काचेवर मारतात. त्याहून मोठ्या गारेची हमी ती चाचणी देत नाही.

कुंभाराच्या चाकावर नळा ओढून, तो उभा चिरून भाजलेले जुने अर्धगोल कवेलू ठिसूळ खरे, पण ते एकावर एक दाट रचलेले असते. वरचे फुटले तरी खालचे पुष्कळदा शाबूत राहते, आणि घरधनी दुसऱ्या दिवशी शिडी लावून फुटके काढतो व कोपऱ्यात रचून ठेवलेले जादा कवेलू तेथे बसवितो. सिमेंटच्या पत्र्याला ही सोय नाही. एका भोकासाठी अख्खा पत्रा उतरवावा लागतो, आणि जुना पत्रा बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचा असल्याने त्याची धूळ फुप्फुसांस घातक. टिन सहसा फुटत नाही, पोचते. पण जेथे जस्ताचा लेप दुखावला तेथे गंज धरतो आणि खिळ्यांची भोके सैल होतात. शेडमध्ये उजेडासाठी बसविलेले प्लॅस्टिकचे अर्धपारदर्शक पत्रे उन्हाने आधीच ठिसूळ झालेले असतात; कारखान्यात पहिला बळी त्यांचा जातो.

माझा खरा आक्षेप पंचनाम्याच्या वेळेविषयी आहे. गारपीट शासनमान्य आपत्ती आहे, तलाठी येतो, पंचांच्या सह्या होतात. 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांनुसार किमान 15 टक्के पडझड झाल्यास पक्क्या घराला 6500 आणि कच्च्या घराला 4000 रुपये साहाय्य ठरविण्यात आले होते. परंतु सिमेंटच्या पत्र्याला गेलेली केसासारखी चीर मार्चच्या उन्हात कोणाला दिसणार? ती मृगाच्या पहिल्या सरीला दिसते, भिंतीवर ओल उतरते, धान्याचे पोते भिजते, आणि तोवर दफ्तरातले कागद बंद झालेले असतात. शिवाय गारांचा पट्टा अरुंद असतो. एक वस्ती झोडपली जाते आणि लगतची कोरडी राहते, त्यामुळे गावाच्या सरसकट अंदाजावर घराचा हिशेब ठरविणे अन्यायाचेच. माझ्या मते घरांच्या नुकसानीची दुसरी पाहणी मृग लागल्यावर व्हावी आणि पहिल्या पंचनाम्यातच तशी मुभा नोंदवून ठेवावी.

तोवर घरधन्याने स्वतः करावयाचे ते इतकेच: मे महिन्यात भर दुपारी दारे-खिडक्या लावून आत उभे राहावे, जेथून उजेडाचा ठिपका येतो तेथे खडूने खूण करावी, मग वरून पाणी सोडून आतून ओल शोधावी, कारण बारीक चिरेतून उजेड येत नाही, पाणी येते. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र कोणी थेट पाय देऊ नये. खालच्या आड्यांवर टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच जावे, कारण तडकलेला पत्रा माणसाचे वजन पेलत नाही.