रंगमंचाच्या माथ्यावरचा भार

नवे नाट्यगृह उभारताना खुर्च्यांची आणि दर्शनी भागाची चर्चा पुष्कळ होते. रंगमंचाच्या माथ्यावर काय टांगावयाचे आणि ते कशाने उचलावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा छत घातल्यावर निघतो.

पडदा सबंध दृष्टिआड वर न्यावयाचा तर रंगमुखाच्या सुमारे अडीचपट उंची लागते. रंगमुख १८ फूट असेल तर ४५ फूट. तेवढी नसल्यास बाजूस सरकणारे पडदे व दिव्यांसाठी काही भक्कम नळ्या पुरतात. दौऱ्यावरील बहुतेक नाटकांचे नेपथ्य जमिनीवरच उभे राहते, हेही ध्यानात घ्यावे.

दोर आणि कप्पी यांची व्यवस्था स्वस्त खरी, पण सारा भार दोर ओढणाऱ्यांच्या हातांवर येतो. प्रतिभाराच्या व्यवस्थेत चौकटीत लोखंडी ठोकळे रचून नळीवरचे वजन तोलतात; मग एक कामगारही ती सहज हलवू शकतो. येथे क्रम चुकता कामा नये. प्रथम नळीला नेपथ्य बांधावे, नंतर ठोकळे चढवावेत. उतरवताना आधी ठोकळे काढावेत. नेपथ्य आधी सोडले तर जड झालेली चौकट वेगाने खाली कोसळते आणि नळी वर झेपावते. विजेच्या यंत्रात हा तोल सांभाळावा लागत नाही. मात्र ब्रेक बिघडल्यास तालुक्याच्या गावी दुरुस्तीस कोण येणार, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

कोणतीही व्यवस्था निवडली तरी प्रत्येक नळीची भारमर्यादा किलोग्रॅममध्ये, कामगारास वाचता येईल अशा जागी, मराठीत रंगवून घ्यावी.