सोळा हजार किलोमीटर आणि तिसरं दार

एप्रिल १९२५मध्ये एमे चिफेली नावाचा एक स्विस मास्तर अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समधून दोन घोडे घेऊन उत्तरेकडे निघाला. जायचं होतं न्यूयॉर्कला. मांचा आणि गातो हे त्याचे क्रिओयो जातीचे घोडे पंधरा-सोळा वर्षांचे होते, म्हणजे उतारवयाला लागलेले. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. सप्टेंबर १९२८मध्ये तो न्यूयॉर्कला पोचला. शेवटचा टप्पा एकट्या मांचाने गाठला, गातोला मेक्सिकोतच मागे ठेवावं लागलं होतं. अंतर भरलं सुमारे १६,००० किलोमीटर आणि दिवस लागले साधारण १,२४५.

घोडा चालताना एक पूर्ण ढांग टाकतो ती पावणेदोन मीटरच्या आसपास, आणि एका ढांगेत चार टापा पडतात. या हिशेबाने एका घोड्याच्या साडेतीन कोटींहून जास्त टापा होतात. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण या प्रवासातलं खरं नवल दुसऱ्याच आकड्यात आहे.

घोड्याची साधी चाल ताशी सहा किलोमीटर धरा. १६,००० किलोमीटरला २,६६७ तास लागतात. म्हणजे रात्रंदिवस न थांबता चालले असते, तर १११ दिवस. उरलेल्या अकराशेहून जास्त दिवसांइतका वेळ घोडे नुसते उभे होते. ज्याला आपण जगातला एक अफाट प्रवास म्हणतो, त्यात चालणं नऊ टक्के आणि थांबणं एक्क्याण्णव टक्के. आणि घोड्यांसह थांबायचं, तर ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जमिनीवर आणि दुसऱ्याच्या पाण्यावर. चिफेली कधी हॉटेलात उतरला, कधी पोलीस ठाण्यात, कधी उघड्यावर. पण घोड्यांना कुठेही उतरवलं, तरी दाणावैरण कुणाकडे तरी मागावीच लागे.

ती किती लागते? घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के सुकं खाणं लागतं. चारशे किलोच्या घोड्याला आठ किलो, दोघांना सोळा. दोघेही शेवटपर्यंत धरले, तर १,२४५ दिवसांचं झालं जवळपास २० टन. पाणी दोघांना मिळून रोज साठ लिटर धरलं, तर ७५,००० लिटर. दुष्काळी गावात येणारे दहा हजार लिटरचे साडेसात टँकर दोन घोडी पिऊन गेली म्हणायची.

हे बरोबर नेता येत नाही का? घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं घालू नये, असा साधारण दंडक आहे. चारशे किलोच्या घोड्याला ऐंशी किलो. स्वार, खोगीर, सामान सगळं उतरवून नुसती त्याचीच वैरण लादली, तरी ती दहा दिवसांत संपते. वर माणूस बसला की वैरणीला जागाच उरत नाही. पाण्याचं तर विचारूच नका. पेरूच्या किनाऱ्यावर माताकाबायोचं वाळवंट चिफेलीने घोड्यांसाठी थेंबभर पाणी न घेता पार केलं. पाणी वाहून नेण्यात घोड्यांची जितकी ताकद जाईल, तितकी ते पिऊन परत मिळणार नाही, असा त्याचा रोकडा हिशेब होता. थोडक्यात, लांब पल्ल्याचा घोडेस्वार कितीही जिगरबाज असला, तरी स्वावलंबी असूच शकत नाही.

राज्यकर्त्यांना हे गणित फार पूर्वी कळलं होतं. मार्को पोलोच्या म्हणण्यानुसार कुबलाई खानाच्या डाक व्यवस्थेत दहा हजारांवर ठाणी आणि दोन लाखांवर घोडे होते. तिथे खानाचं पदक दाखवलं की ताजा घोडा हजर. आपल्याकडे शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं प्रसिद्ध पत्र वाचावं. १६७०च्या दशकातलं हे पत्र पावसाळ्यासाठी साठवलेल्या दाण्या-गवताबद्दल आहे. आत्ताच बेहिशेब उधळलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, हा त्यातला इशारा. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका, इतकंच काय, रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथवर बारकावे त्यात आहेत. दहा हजार घोड्यांना रोज ऐंशी टन चारा लागतो हे कळलं, की राजाला उंदराची धास्ती का वाटावी हेही कळतं. तेवढा चारा फौजेने रयतेकडून ओरबाडला की गाव उठतं. एकट्या वाटसरूने सोळा किलो मागितला, तर गाव त्याला चहासुद्धा पाजतं.

पण सोळा किलो तरी रोज कोण देणार? चिफेलीचा दिवसाचा टप्पा सरासरी ३५ किलोमीटरचा धरू. म्हणजे साधारण ४५० संध्याकाळी तो नव्या जागी पोचला आणि घोड्यांची सोय विचारली. समजा, शंभरातली पंच्याण्णव माणसं हो म्हणणारी आहेत. प्रत्येक गावात एकाच घरी विचारायचं ठरवलं, तर ४५० वेळा ओळीने होकार मिळण्याची शक्यता किती? साधारण एक हजार कोटींत एक. अशक्यच म्हणा ना.

आता गावात दोन घरी विचारायची मुभा द्या, आणि एकाच्या नकाराचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही असं धरा. दोन्ही घरांनी नाही म्हणण्याची शक्यता चारशेत एक उरते आणि सगळा प्रवास पार पडण्याची शक्यता एकदम ३२ टक्क्यांवर जाते. तीन घरं मिळाली, तर जवळपास ९५ टक्क्यांवर. माणसं तीच, त्यांचा चांगुलपणा तोच. फक्त ठोठावायला दोन दारं जास्त मिळाली, की हजार कोटींत एक असलेली गोष्ट जवळजवळ हमखास होते.

मग जिथे दारच एक आहे तिथे काय? ऑस्ट्रेलियाचा टिम कोप २००४मध्ये मंगोलियातून घोड्यावर निघाला आणि तीन वर्षांनी, दहा हजार किलोमीटर कापून, २००७मध्ये हंगेरीत पोचला. वाटेत कझाकस्तानात त्याला टिगॉन नावाचा कुत्रा भेट मिळाला आणि तोही शेवटपर्यंत चालला. या वाटेवरच्या गवताळ पठारांवर दिवसभराच्या चालीत कधी एखादाच तंबू दिसतो. तिथे ९५ टक्क्यांची भलाई पुरत नाही. तीन दारांचं काम एकाच दाराला करायचं, तर आठ हजारांत एकापेक्षा जास्त नकार परवडत नाही. इतका चांगुलपणा माणसाच्या मर्जीवर सोडून चालत नाही, म्हणून तिथे त्याचा रिवाज झाला. कझाक लोकांत अनोळखी वाटसरू म्हणजे देवाने धाडलेला पाहुणा. त्याला परत पाठवणं ही नामुष्की, आणि जुन्या रिवाजात त्याबद्दल दंडही होई.

वस्ती जितकी विरळ, तितका पाहुणचार कडक, याचा उलगडा इथे होतो. दाट वस्तीतला माणूस­घाणा शेजाऱ्यांच्या जिवावर खपून जातो. माळरानावर एकटा तंबू ठोकून राहणाऱ्याला ती चैन नाही, कारण उद्या घोडा घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहायची पाळी त्याचीच असते.