आउटसोर्सिंग आणि आयुर्वेदीय औषधनिर्माण

'आउटसोर्सिंग' हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांमुळे. आपल्या व्यवसायातील एखादे काम स्वतः न करता, मोबदला देऊन बाहेरील व्यक्तीकडून वा संस्थेकडून करवून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. शब्द नवा असला तरी व्यवहार आपणांस अपरिचित नाही. वनस्पतींची भरड गिरणीवर नेऊन चूर्ण दळून आणणारे वैद्य पूर्वीपासून हेच करीत आले आहेत. (आपल्या आधी त्याच गिरणीत मिरची दळली गेली नाही ना, ही चिंताही तितकीच जुनी आहे!)

औषधनिर्माणात या एका शब्दाखाली तीन वेगळे व्यवहार चालतात आणि त्यांची गल्लत वारंवार होताना दिसते. पहिला 'जॉब वर्क'चा. यात द्रव्ये आपली असतात. चूर्ण करणे, गुटिका वळणे किंवा बाटल्या भरणे एवढीच क्रिया दुसरा करतो. दुसरा 'लोन लायसन्स'चा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील नियम १५३-अ नुसार, ज्याच्याकडे नमुना २५-डी मधील परवाना आहे अशा निर्मात्याची जागा व यंत्रसामग्री वापरून औषध बनविण्यासाठी आपण स्वतःच्या नावे नमुना २५-ई मध्ये परवाना घेतो. येथे 'लोन' म्हणजे कर्ज नव्हे. उसनी घेतली जाते ती निर्मितीची सोय. तिसरा 'थर्ड पार्टी' निर्मितीचा, आणि आज तोच सर्वाधिक प्रचलित आहे. यात परवाना निर्मात्याचा, द्रव्यांची खरेदी त्याची, निर्मितीही त्याची. नाममुद्रा व विक्री तेवढी आपली.

या तिसऱ्या प्रकारात खर्च कमी आणि खटपट त्याहून कमी, म्हणून तो सर्वांना प्रिय आहे. परंतु द्रव्यखरेदी हातातून गेली की औषधाचा अर्धा कारभार हातातून गेला, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशोकारिष्टासाठी आलेली साल खऱ्या अशोकाची की रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या खोट्या अशोकाची, हे बाटलीबंद अरिष्टाकडे पाहून आपणांपैकी किती जण सांगू शकतील? चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांत द्रव्याला स्थान दिले, ते त्याच्या उत्तमतेची अट घालूनच.

वैद्यबंधूंनी कायद्याची एक बाजू नीट समजून घ्यावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील कलम ३३-ईईसी अन्वये परवान्याविना आयुर्वेदीय औषधाची विक्रीसाठी निर्मिती करता येत नाही. मात्र स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध बनविणाऱ्या वैद्यास त्यातून सूट आहे. ही सूट वैद्याच्या खलबत्त्याला आहे, त्याच्या नावाच्या लेबलाला नाही. बाहेरून बनवून घेतलेले औषध काउंटरवर विकावयाचे असेल, तर त्यावर निर्मात्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असलेच पाहिजेत. लेबलावर केवळ वितरकाचे नाव छापून भागत नाही. फार्मसीमालकांनीही अशी मागणी करणाऱ्या वैद्यास, तो कितीही जुना ग्राहक असला तरी, नम्रपणे नकार द्यावा.

परीक्षणाचे काम मात्र बाहेर देण्यास नियमांचीच संमती आहे. ज्याची स्वतःची प्रयोगशाळा नाही त्याने शासनमान्य प्रयोगशाळेतून परीक्षण करून घ्यावे, अशी सोय 'शेड्यूल टी'मध्ये आहे.

आता आमची एक चूक येथे सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही चिकित्सालयासाठी एका निर्मात्याकडून दहा लिटर अणुतैल बनवून घेतले. मागणीपत्रात लिहिले होते ते केवळ औषधाचे नाव, परिमाण, 'चरकोक्त' हा शब्द आणि दर. तो दरही आम्ही बराच घासाघीस करून ठरविला होता. पुढे नस्यासाठी येणारे जुने रुग्ण तक्रार करू लागले: नाकात आग होते, पूर्वीचे तेल असे नव्हते. तैल हातावर घेऊन पाहिले, तर पाक मृदू राहिलेला नव्हता. आम्ही त्या बॅचची निर्मितीनोंद मागविली. निर्मात्याने ती विनातक्रार पाठविली. तीत पाक एकच होता.

सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायातील विधी आपण सर्व जाणतो. तैलाच्या शंभरपट पाण्यात द्रव्ये उकळून दसपट क्वाथ उरवावयाचा, त्याचे दहा भाग करून तैल दहा वेळा सिद्ध करावयाचे आणि दहाव्या पाकात समभाग शेळीचे दूध घालावयाचे. म्हणजे दहा लिटर तैलासाठी एक हजार लिटर पाणी आटवून शंभर लिटरवर आणणे आले. त्याला लागणारे इंधन, दिवस आणि माणसे यांचा हिशेब आम्ही दर ठरविताना केलाच नव्हता. निर्माता शांतपणे म्हणाला, "वैद्यराज, तुम्ही दिलेल्या पैशात दहा पाक बसत नाहीत. तुम्ही विचारले असते, तर मी तेव्हाच सांगितले असते." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. उरलेले तैल फेकून दिले आणि ज्या रुग्णांना ते वापरले होते, त्यांना एकेक करून बोलावून खरे ते सांगितले. त्यांतील दोघे पुन्हा आले नाहीत.

त्यानंतर आम्ही मागणीपत्राचा नमुनाच बदलला. त्यात ग्रंथाधारासह प्रत्येक द्रव्याचे प्रयोज्यांग आणि प्रमाण असते. पाकांची संख्या असते. नस्यासाठी मृदू, पानासाठी व बस्तीसाठी मध्यम, अभ्यंगासाठी खर असा पाकही स्पष्ट लिहिलेला असतो. द्रव्यांचा नमुना निर्मितीपूर्वी पाहण्याचा आणि निर्मितीनोंद तपासण्याचा आमचा अधिकार त्यात नमूद असतो. प्रत्येक बॅचची एक मोहोरबंद बाटली आमच्याकडे राहते. निर्माता मात्र तोच आहे. दर पूर्वीच्या दुपटीहून अधिक आहे, आणि दहाव्या पाकाच्या दिवशी शेळीचे दूध आम्ही स्वतः घेऊन जातो.