उतारवयातील उच्च रक्तदाब : उपचार सावकाश, परंतु अखंड

‘वय अधिक शंभर, एवढा रक्तदाब चालायचाच’, असे राजुरी परिसरातील ज्येष्ठ मंडळी बाह्यरुग्ण विभागात आम्हास आजही सांगतात. एके काळी वैद्यकीय क्षेत्रातही हीच समजूत होती. वयोमानानुसार रक्तवाहिन्या ताठर होतात. वरचा आकडा चढतो, खालचा बहुधा उतरतो. हा बदल सर्रास आढळत असला, तरी तो निरुपद्रवी नव्हे. केवळ वरचा आकडा वाढलेल्या, साठ वर्षे व त्यावरील ४,७३६ व्यक्तींच्या अमेरिकेतील अभ्यासात उपचारांमुळे पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ऐंशी वर्षे व त्यावरील रुग्णांनाही उपचार हितकारक असल्याचे २००८ मध्ये स्पष्ट झाले.

निदान एकाच मोजणीवर केले जात नाही. मोजणीपूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री वर्ज्य करावी. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. ज्येष्ठांचा रक्तदाब उभे राहिल्यानंतरही मोजणे अगत्याचे असते. उभे राहताच वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर भोवळ येऊन पडण्याचा व खुब्याचे हाड मोडण्याचा धोका संभवतो. म्हणूनच औषध अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवावे लागते. जुलाब, उलट्या वा कडक उन्हाळ्यात अशक्तपणा जाणवल्यास मात्रेबाबत त्वरित सल्ला घ्यावा. गुडघेदुखीच्या अनेक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, हेही ध्यानी ठेवावे. लोणचे, पापड, खर्डा यांतील मिठास आवर घालणे हाही उपचारच होय.

सर्वांत घातक चूक म्हणजे बरे वाटताच गोळी बंद करणे. आकडा आटोक्यात असतो तो बहुधा गोळीमुळेच. ती थांबताच तो पुन्हा चढतो, आणि त्याची चाहूलही लागत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात प्रारंभी महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे होते. निश्चित औषधक्रम, औषधांचा सलग पुरवठा आणि घराजवळ पाठपुरावा ही त्याची सूत्रे ग्रामीण भागास विशेष उपयुक्त आहेत.

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांमागे सारे घर थांबते. ते टाळणे बव्हंशी शक्य आहे. घरातील एका व्यक्तीने आजी-आजोबांच्या गोळ्यांची व तपासणीच्या तारखेची जबाबदारी स्वीकारावी, असे आमचे नम्र आवाहन आहे.