मुक्तिवेग आणि कक्षांचे आकार

उपग्रह खाली का पडत नाही, असा प्रश्न विद्यार्थी शिक्षकांना वारंवार विचारतात. वस्तुतः उपग्रह सतत पडतच असतो. मात्र त्याचा आडवा वेग इतका मोठा असतो की, तो जितका खाली येतो, तितकाच पृथ्वीचा गोल पृष्ठभागही खाली वळलेला असतो. हा वेग बदलला म्हणजे कक्षेचा आकारही बदलतो.

वेगानुसार मार्ग

२५० किलोमीटर उंचीवर एखाद्या यानास क्षितिजसमांतर दिशेने सेकंदाला सुमारे ७.७६ किलोमीटर वेग दिल्यास त्याची कक्षा वर्तुळाकार होते. वेग याहून वाढविल्यास ती लंबवर्तुळाकार होते. वेग जसजसा वाढतो, तसतसे लंबवर्तुळाचे दूरचे टोक अधिकाधिक लांब जाते. वेग १०.९७ किलोमीटर झाला की ते टोक उरतच नाही. मार्ग अन्वस्ताकार होतो आणि यान परत येत नाही. हाच त्या उंचीवरील मुक्तिवेग होय. त्याहून अधिक वेगाचा मार्ग अपास्ताकार असतो.

पाठ्यपुस्तकांत दिलेला ११.२ किलोमीटर हा आकडा भूपृष्ठावरील आहे; उंची वाढते तसा मुक्तिवेग कमी होतो. कोणत्याही ठिकाणी मुक्तिवेग हा तेथील वर्तुळाकार कक्षेच्या वेगाच्या सुमारे १.४१४ पट असतो, म्हणजेच त्यासाठी गतिज ऊर्जा दुप्पट लागते.

मंगळयानाचा प्रवास

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून मंगळयान सोडले. यानास एकदम मुक्तिवेग देण्याइतके प्रक्षेपक सामर्थ्यवान नव्हते. म्हणून यान प्रथम लंबवर्तुळाकार कक्षेत ठेवण्यात आले व ते पृथ्वीच्या जवळ येई तेव्हा इंजिन चालवून त्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आला. चौथ्या टप्प्यात अपेक्षित वेग मिळाला नाही. ती उणीव १२ नोव्हेंबर रोजी भरून काढण्यात आली. अखेरीस कक्षेचे दूरचे टोक सुमारे १ लक्ष ९३ हजार किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर पोहोचले. तरीही यान पृथ्वीशी बद्धच होते. मुक्तिवेगास सेकंदाला सुमारे ०.२ किलोमीटर इतकाच वेग कमी पडत होता.

१ डिसेंबर रोजी सुमारे ०.६५ किलोमीटर वेगाची भर पडली आणि बंद कक्षा खुली झाली. यान पृथ्वीपासून मुक्त झाले, सूर्यापासून मात्र नव्हे. पुढील मार्ग सूर्याभोवतीच्या लंबवर्तुळाचाच एक भाग होता.

मंगळाजवळ प्रश्न नेमका उलट होता. तेथे येणाऱ्या यानाचा वेग मंगळाच्या मुक्तिवेगाहून अधिक होता. वेग कमी झाला नसता, तर यान अपास्ताकार मार्गाने मंगळाला वळसा घालून कायमचे निघून गेले असते. सुमारे ३०० दिवस बंद असलेले मुख्य इंजिन पुन्हा चालेल किंवा नाही, यावर सर्व काही अवलंबून होते. २२ सप्टेंबर २०१४ रोजी त्याची ४ सेकंदांची चाचणी यशस्वी झाली. २४ सप्टेंबर रोजी ते सुमारे २४ मिनिटे चालले, वेग सेकंदाला १.१ किलोमीटरने घटला आणि यान मंगळाभोवतीच्या लंबवर्तुळाकार कक्षेत स्थिरावले. सहा महिन्यांसाठी योजिलेल्या या यानाशी असलेला संपर्क २०२२ मध्ये संपला.

वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त हे आकार विद्यार्थी भूमितीत शिकतात. ग्रहाशी बद्ध राहणे आणि त्यापासून मुक्त होणे यांतील सीमाही याच आकारांतून स्पष्ट होते.