कडेची तासणी

आर्चटॉप गिटारची वरची फळी वाकवत नाहीत, कोरतात. मध्यावर सुमारे २५ मिलिमीटर जाडीच्या स्प्रूसच्या जोडफळीतून आधी बाहेरचा फुगवटा काढायचा, मग आतून पोकळी. तारांचा दाब घोडीवाटे थेट कमानीवर येतो, म्हणून मध्ये साधारण ६ मिलिमीटर लाकूड राखतात. कडेला ते ३-४ पर्यंत उतरते. आवाजाचा निकाल बराचसा या कडेवर लागतो.

छोट्या रंध्याने तासायचे, फळी दोन बोटांत लोंबती धरून टिचकी मारायची. प्रत्येक तासणीने सूर थोडा उतरतो, कारण वजनापेक्षा ताठपणा झपाट्याने घटतो. थांबायचे कुठे? १९१९ ते १९२४ या काळात गिब्सन कंपनीत असलेल्या लॉइड लोर यांच्या नावाशी फळी ठरावीक स्वराला लावण्याची पद्धत जोडली जाते. मला हा आग्रह फारसा पटत नाही. सुट्या फळीचा सूर आतल्या पट्ट्या बसवल्यावर, पेटीला चिकटवल्यावर बदलतोच. काही कारागीर म्हणूनच पेटी बंद झाल्यावर बाहेरून कडेची शेवटची तासणी करतात, तीही जपून. फार पातळ झालेली कमान तारांच्या दाबाने पुढे घोडीखाली खचू लागते.